तराजूत बसून जेवणारा वैद्य

सन १६२५ मध्ये व्हेनिस येथे छापलेल्या एका जाडजूड लॅटिन ग्रंथात एक चित्र आहे. मेजावर जेवण मांडलेले आहे आणि मेजाशेजारच्या खुर्चीत एक गृहस्थ बसले आहेत. चित्र प्रथमदर्शनी साधे वाटते. नीट पाहिल्यावर ध्यानात येते, की खुर्ची नेहमीसारखी जमिनीवर ठेवलेली नाही. ती वरच्या एका लांब दांडीला टांगलेली आहे आणि ती दांडी म्हणजे एक भलामोठा वजनकाटा आहे. जेवणारा माणूस तराजूत बसून जेवतो आहे. तुला म्हटली, की माणसाच्या भारंभार धान्य, गूळ वा सोने तोलून केलेले दान आपल्याला आठवते. या तुलेत मात्र दान नव्हते, हिशेब होता. आज काय खाल्ले, किती खाल्ले आणि त्यातले किती शरीरात उरले, याचा हिशेब.

ही खुर्ची तयार करणाऱ्या वैद्याचे नाव सांतोरिओ सांतोरिओ. नाव आणि आडनाव एकच. युरोपातील विद्वानांच्या लॅटिनमध्ये ते सँक्टोरियस झाले आणि वैद्यकाच्या इतिहासात त्याच नावाने ते ओळखले जातात. रोजच्या आहाराची मोजदाद करून त्यातून आरोग्याविषयी काही निष्कर्ष काढावेत, ही कल्पना आज घरोघरी पोहोचली आहे. वाटीभर भात किती उष्मांकांचा, दिवसभरात प्रथिने किती गेली, याची नोंद मोबाइलवर करणारी माणसे शहरात पावलोपावली भेटतात. या सवयीचा उगम शोधत मागे गेले, की चार शतकांपूर्वीच्या या खुर्चीपाशी येऊन थांबावे लागते.

सांतोरिओ यांचा जन्म २९ मार्च १५६१ रोजी ॲड्रिॲटिक समुद्राच्या काठी कापोदिस्त्रिया या गावी झाला. आज हे गाव कोपेर या नावाने स्लोव्हेनियात आहे. तेव्हा ते व्हेनिसच्या प्रजासत्ताकाच्या ताब्यात होते. वडील आंतोनिओ हे प्रजासत्ताकाच्या सेवेत होते आणि तेथील शस्त्रसामग्रीची व्यवस्था त्यांच्याकडे होती. आईचे घराणे कापोदिस्त्रियातले प्रतिष्ठित घराणे होते. घरात चार भावंडे, त्यांत सांतोरिओ थोरले. मुलाची बुद्धी पाहून वडिलांनी त्याला व्हेनिसला मोरोसिनी या उमराव कुटुंबाकडे शिकायला पाठवले. त्या घरच्या मुलांबरोबर भाषा, तत्त्वज्ञान आणि गणित यांचे शिक्षण झाले. मोरोसिनींशी जडलेले हे नाते त्यांना पुढे आयुष्यभर उपयोगी पडले.

१५७५ मध्ये, वयाच्या अवघ्या चौदाव्या वर्षी, ते पादुआच्या विद्यापीठात दाखल झाले. वैद्यक शिकण्यासाठी त्या काळी पादुआसारखे ठिकाण युरोपात क्वचितच होते. आधुनिक शरीररचनाशास्त्राचा पाया घालणारे व्हेसालिअस यांनी याच विद्यापीठात अध्यापन केले होते. रक्ताभिसरणाचा शोध लावणारे विल्यम हार्वी यांनी १६०२ मध्ये येथूनच पदवी घेतली. गॅलिलिओ यांनी १५९२ ते १६१० या काळात येथे गणित शिकवले. सांतोरिओ १५८२ मध्ये वैद्यकाचे पदवीधर झाले.

याच शहराला आहार तोलून खाण्याची एक परंपराही होती. पादुआचे धनवान गृहस्थ आल्विसे कोर्नारो तरुणपणी खाण्यापिण्याच्या अतिरेकाने आजारी पडले होते. पुढे त्यांनी दिवसाला बारा औंस अन्न आणि चौदा औंस द्राक्षमद्य असे माप ठरवून घेतले व ते कटाक्षाने पाळले. घरच्यांच्या आग्रहाखातर त्यांनी दोन्हींत दोन-दोन औंसांची वाढ केली, तेव्हा दुखणे उलटले आणि ते पुन्हा जुन्या मापावर आले, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले. मिताहारावरचे त्यांचे पुस्तक १५५८ मध्ये प्रसिद्ध झाले आणि युरोपभर गाजले. कोर्नारो १५६६ मध्ये वारले, तेव्हा सांतोरिओ पाच वर्षांचे होते. मात्र कोर्नारो यांनी तोलले ते ताटातले अन्न. त्या अन्नाचे शरीरात गेल्यावर काय होते, हा प्रश्न त्यांच्यासमोर नव्हता. तो सांतोरिओ यांनी हाती घेतला.

पदवीनंतरची काही वर्षे त्यांनी क्रोएशियाच्या परिसरात एका उमरावाचे वैद्य म्हणून काढली. ॲड्रिॲटिकच्या किनाऱ्यावर वाऱ्याचा जोर आणि पाण्याच्या प्रवाहाचा वेग मोजण्याची साधने त्यांनी याच काळात वापरून पाहिली. मोजण्याचा हा नाद वैद्यकात फारसा कोणाला नव्हता. तेव्हाचा वैद्य नाडीवर बोट ठेवून ती जलद की मंद, एवढे सांगे. कपाळाला हात लावून ताप जास्त की कमी, एवढे सांगे. एका वैद्याची जलद नाडी दुसऱ्याला मध्यम वाटे. कालच्या तापाशी आजच्या तापाची तुलना करायची, तर वैद्याच्या स्मरणशक्तीखेरीज दुसरे साधन नव्हते.

१५९९ मध्ये सांतोरिओ व्हेनिसला परतले आणि तेथे व्यवसाय करू लागले. मोरोसिनींच्या घरी विद्वानांची बैठक भरत असे. धर्मशास्त्र, राजकारण आणि विज्ञान या तिन्हींत मुशाफिरी करणारे पाओलो सार्पी, शरीररचनातज्ज्ञ फॅब्रिसिअस, गॅलिलिओ अशा मंडळींशी त्यांचा परिचय झाला. निसर्गाचे नियम संख्यांत मांडता येतात, हा विचार या मंडळींत रुजत होता. सांतोरिओ यांनी तो रुग्णाच्या खाटेपाशी नेला.

त्यासाठी त्यांनी उपकरणे बनवली. एक होते नाडी मोजण्याचे. दोरीला शिशाचा गोळा बांधून तो झुलवायचा आणि त्याचे आंदोलन नाडीच्या ठोक्याशी जुळेपर्यंत दोरी लांब-आखूड करायची. जुळले की दोरीची लांबी मोजपट्टीवर वाचायची. उद्याची लांबी आजच्यापेक्षा कमी भरली, तर नाडी वाढली. सेकंदकाटा असलेले घड्याळ वैद्यांच्या खिशात येण्याच्या कितीतरी आधीची ही युक्ती आहे. दुसरे होते ताप मोजण्याचे. काचेच्या नळीच्या टोकाचा पोकळ गोळा रुग्णाने तोंडात धरायचा. आतली हवा तापून प्रसरण पावली, की नळीतले पाणी खाली सरके आणि ते किती सरकले हे आखलेल्या खुणांवर दिसे. या उपकरणाचा उल्लेख त्यांच्या १६१२ च्या ग्रंथात आहे आणि त्याच वर्षी व्हेनिसमधील साग्रेदो यांनी त्याची हकिकत गॅलिलिओ यांना पत्राने कळवली. तापमापकाचा पहिला मान कोणाचा, हा वाद पुढे बराच रंगला. मात्र खुणांची पट्टी लावून ते साधन रुग्णासाठी वापरण्याचे श्रेय सांतोरिओ यांच्याकडेच जाते.

या सर्वांपेक्षा मोठे काम त्यांनी वजनकाट्यावर केले. जेवण्यापूर्वीचे वजन, जेवल्यानंतरचे वजन, अन्नाचे वजन, पेयांचे वजन, मलमूत्राचे वजन, झोपण्यापूर्वीचे आणि उठल्यानंतरचे वजन, अशी मोजणी त्यांनी पंचवीसहून अधिक वर्षे चालवली. स्वतःवर चालवली, तशी इतरांवरही. तीस वर्षे ते खुर्चीतून उठलेच नाहीत, तिथेच जेवले, तिथेच झोपले, अशी एक दंतकथा पुढे पसरली. ती खरी मानण्याचे कारण नाही. सांतोरिओ रुग्ण तपासत होते, ग्रंथ लिहीत होते, व्हेनिस-पादुआ असा प्रवास करत होते. अधांतरी खुर्चीत आयुष्य काढणाऱ्या माणसाला हे साधले नसते.

खुर्चीचा उपयोग त्यांनी स्वतः वर्णन केला आहे आणि तो फार व्यवहारी आहे. खुर्ची जमिनीपासून बोटभर उंच टांगलेली असे. माणूस जेवायला बसण्यापूर्वी काट्यावरचे वजन असे सरकवून ठेवायचे, की ठरलेले अन्न पोटात गेले की खुर्ची किंचित खाली यावी. ती खाली आली, की हात आखडता घ्यायचा. काट्याची यंत्रणा छताच्या वर, वरच्या खोलीत लपवलेली असे. ज्यांना प्रत्येक नवी गोष्ट हास्यास्पद वाटते, अशांच्या नजरेपासून ती दूर राहावी, हा त्यामागे हेतू होता. आपले पाहुणे आपल्याला हसतील, याची जाणीव या विद्वानाला होती, हे त्यातून दिसते. भूक मोजता येत नाही, जिभेवर भरवसा ठेवता येत नाही आणि गप्पांच्या ओघात आपण किती खाल्ले याचे भान राहत नाही. खुर्चीला मात्र विसर पडत नाही.

या मोजणीमागे एक विचार होता. हिपॉक्रटिसच्या परंपरेत वैद्यक म्हणजे मिळवणे आणि वजा करणे असे मानले जाई. शरीरात जे कमी आहे ते घालायचे, जे जास्त आहे ते काढायचे. वैद्य शतकानुशतके हे बोलत आले होते. पण किती कमी आणि किती जास्त, हे कोणी सांगत नव्हते. व्हेनिस हे व्यापाऱ्यांचे शहर. जमा आणि नावे अशी दुहेरी नोंद ठेवण्याची पद्धत स्पष्ट करणारा लुका पाचोली यांचा ग्रंथ १४९४ मध्ये याच शहरात छापला गेला होता. जहाजावर किती माल चढला आणि किती उतरला, याचा मेळ घातल्याशिवाय तेथे कोणाला झोप लागत नसे. सांतोरिओ यांनी देहाच्या बाबतीत नेमके हेच केले. खाणेपिणे ही जमा, मलमूत्र हा खर्च. दोन्ही बाजू तोलून पाहिल्या, तेव्हा मेळ बसेना.

शरीराचे वजन जवळपास तेवढेच राहते. मग आत गेलेल्याइतकेच बाहेरही यायला हवे. प्रत्यक्षात मलमूत्राचे वजन अन्नपाण्याच्या मानाने फारच कमी भरत होते. दिवसाला आठ पौंड अन्नपाणी घेणाऱ्या माणसाच्या शरीरातून सुमारे पाच पौंड कोणाला न दिसता, न जाणवता निघून जातात, असा त्यांचा निष्कर्ष होता. व्हेनिसमधील हलका पौंड सुमारे ३०० ग्रॅमचा. त्या हिशेबाने सुमारे दोन किलो चारशे ग्रॅमपैकी दीड किलो. एका रात्रीत सोळा औंस मूत्र, चार औंस मल आणि चाळीस औंसांहून अधिक अदृश्य उत्सर्ग, असाही एक आकडा त्यांनी दिला आहे. त्वचेतून आणि श्वासातून सूक्ष्म बाष्प जाते, हे गेलनच्या काळापासून वैद्यांना माहीत होते. पण ते नगण्य समजले जाई. शरीराच्या खर्चातली ती सर्वांत मोठी बाब आहे, हे काट्याने दाखवून दिले.

१६११ मध्ये पादुआ विद्यापीठाने त्यांना सैद्धांतिक वैद्यकाचे प्राध्यापकपद दिले. मोजणीचे सार सांगणारे ‘दे स्टॅटिका मेडिसिना’ हे छोटेखानी पुस्तक १६१४ मध्ये व्हेनिसमध्ये प्रसिद्ध झाले. पुढच्या वर्षी त्याची एक प्रत त्यांनी गॅलिलिओ यांना पाठवली. पुस्तक सूत्रांच्या रूपात आहे आणि त्याचे सात भाग आहेत. पहिल्यात या अदृश्य उत्सर्गाचे वजन. नंतर हवा व पाणी, अन्न व पेये, झोप व जागरण, व्यायाम व विश्रांती, कामजीवन आणि शेवटी मनाच्या भावना. माणसाची सारी दिनचर्याच त्यांनी काट्यावर ठेवली होती.

त्यातले काही निष्कर्ष आजही वाचकाला थबकवतात. मेंढीचे मांस सहज पचून बाष्परूपाने निघून जाते. डुकराचे मांस आणि अळंबी मात्र शरीरात रेंगाळतात, असे ते सांगतात. राग आणि आनंद यांनी शरीर हलके होते, दुःख आणि भीती यांनी जड होते. निरोगी व मिताहारी पुरुषाचे वजनही महिन्याभरात पौंड-दोन पौंड वाढते आणि महिन्याच्या शेवटी पुन्हा पूर्ववत होते. यातील कित्येक विधाने आजच्या कसोटीवर टिकणार नाहीत. तरीही वजन रोज थोडे वर-खाली होणारच आणि एका दिवसाच्या आकड्यावरून काही ठरवू नये, हे दीर्घकाळ नोंदी ठेवणाऱ्यालाच सुचू शकते. काट्यावर सकाळी अर्धा किलो जास्त दिसला की दिवसभर खिन्न राहणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

पुस्तक गाजले, तसे टीकेचे धनीही झाले. फेरारा येथील वैद्य इप्पोलितो ओबित्सी यांनी १६१५ मध्ये या तराजूच्या वैद्यकाचा धिक्कार करणारे पुस्तकच लिहिले. सांतोरिओ यांनी नंतरच्या आवृत्तीत त्याला उत्तर जोडले. विद्यापीठातही सारे सुरळीत नव्हते. व्हेनिसमधील खासगी रुग्णांपायी ते अध्यापनाकडे दुर्लक्ष करतात, अशी तक्रार विद्यार्थ्यांनी केली. आरोपातून ते मुक्त झाले. परंतु १६२४ मध्ये त्यांनी पद सोडले आणि ते व्हेनिसला परतले. इब्न सिना यांच्या ‘कानून’वरील त्यांचे भाष्य पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झाले. खुर्चीचे चित्र याच ग्रंथातले. जुन्या आचार्यांच्या ग्रंथावर भाष्य लिहिता लिहिता त्यांनी आपल्या नव्या उपकरणांची चित्रे त्यात घातली. जुन्याशी वैर न धरता नवे पुढे आणण्याची त्यांची ही रीत होती.

सांतोरिओ अविवाहित राहिले. १६३६ मध्ये व्हेनिस येथे, वयाच्या पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर, त्यांचे निधन झाले. त्यांच्या छोट्या पुस्तकाच्या आवृत्त्या पुढे शतकभर निघत राहिल्या. इंग्रजी, फ्रेंच, जर्मन आणि इटालियन भाषांतरे झाली.

मात्र या साऱ्या कीर्तीत एक मोठी उणीव आहे. पंचवीस-तीस वर्षांच्या त्या मोजणीची वही सांतोरिओ यांनी प्रसिद्ध केली नाही. कोणत्या दिवशी काय खाल्ले, किती वजन भरले, कोणाला तोलले, काटा किती बारीक फरक दाखवत होता, याचा तपशील पुस्तकात नाही. आहेत ती केवळ सूत्रे. मोजमापाच्या जोरावर आप्तवाक्याला आव्हान देणाऱ्या या माणसाने आपले निष्कर्ष मात्र आप्तवाक्यासारखेच मांडले. वाचकाने विश्वास ठेवायचा किंवा स्वतः काटा टांगून बसायचे, एवढेच दोन मार्ग उरले.

अनेकांनी दुसरा मार्ग धरला. फ्रान्समध्ये देनी दोदार यांनी स्वतःला तोलत अनेक वर्षे काढली. ईस्टरपूर्वीच्या दीर्घ उपवासात त्यांचे वजन आठ पौंडांहून अधिक घटले आणि उपवास सुटल्यावर चारच दिवसांत त्यातले जवळपास निम्मे परत आले, अशी त्यांची नोंद आहे. इंग्लंडमध्ये जेम्स कील यांनी असेच प्रयोग केले. अमेरिकेतील चार्ल्सटन येथे जॉन लायनिंग या स्कॉटिश वैद्याने १७४० पासून वर्षभर स्वतःचे वजन, अन्न, पेये आणि उत्सर्ग यांची रोजची नोंद ठेवली आणि हवामानाच्या नोंदींसह ते तक्ते रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापले. या मंडळींचे आकडे सांतोरिओ यांच्या आकड्यांशी जुळले नाहीत. थंड देशात मूत्र अधिक आणि बाष्प कमी, उष्ण ऋतूत त्याच्या उलट. इटलीतील एका माणसाचे माप जगाला लागू करता येत नाही, हे हळूहळू उमगू लागले.

त्याहून गंभीर गोष्ट अठराव्या शतकाच्या अखेरीस उघडकीस आली. सांतोरिओ यांच्या हिशेबात जमेच्या बाजूची एक ओळच राहून गेली होती. माणूस केवळ अन्नपाणी घेत नाही, हवाही घेतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए यांनी आपले सहकारी सेग्याँ यांना रबराचा लेप दिलेल्या रेशमी पिशवीत बसवून केवळ तोंडाची नळी बाहेर ठेवली आणि त्वचेचा खर्च व श्वासाचा खर्च वेगळा काढला. शरीर ऑक्सिजन घेते, त्यात अन्नाचे जणू मंद ज्वलन होते आणि कार्बन डायऑक्साइड व पाणी बाहेर पडते, हे त्यांनी दाखवले. प्रौढ माणूस दिवसाकाठी साधारण पाऊण किलो ऑक्सिजन घेतो आणि किलोभर कार्बन डायऑक्साइड सोडतो. त्याशिवाय विश्रांतीतही त्वचा व श्वास यांतून पाऊण लिटरच्या आसपास पाणी बाष्परूपाने जाते. सांतोरिओ यांची तूट खरी होती. तिचे कारण त्यांना कळणे शक्य नव्हते, कारण शरीर ऑक्सिजन घेते आणि कार्बन डायऑक्साइड सोडते, हे त्यांच्या पिढीला ठाऊकच नव्हते. लाव्हाझिए यांनाही हे काम पुरे करता आले नाही. ८ मे १७९४ रोजी क्रांतिकारकांनी त्यांचा शिरच्छेद केला.

एकोणिसाव्या शतकात हिशेबाचे चलनच बदलले. अन्नाच्या वजनापेक्षा त्यातून मिळणाऱ्या ऊर्जेला महत्त्व आले. किलोभर पाणी आणि किलोभर लोणी काट्यावर सारखेच. शरीराला मात्र सारखे नाहीत. अमेरिकेत कनेक्टिकटमधील मिडलटाउन येथे विल्बर ॲटवॉटर यांनी भौतिकशास्त्रज्ञ रोझा यांच्या साह्याने माणूस राहू शकेल अशी एक बंद खोली तयार केली. त्या खोलीत माणसे दिवसेंदिवस राहत; त्यांचे अन्न, उत्सर्ग, श्वास आणि अंगातून निघणारी उष्णता यांची मोजणी होई. एक ग्रॅम प्रथिने वा कर्बोदकांमागे चार आणि एक ग्रॅम स्निग्धांमागे नऊ उष्मांक, हे आज वेष्टनावर छापलेल्या तक्त्यांमागचे गणित त्यांच्याच कामातून आले. मोबाइलमधला आहाराचा हिशेबही याच आकड्यांवर चालतो.

म्हणजे चार शतकांत काटा बारीक झाला, चलन बदलले, राहून गेलेली ओळ भरली गेली. तरी सांतोरिओ यांच्यापुढची अडचण पूर्णपणे संपलेली नाही. आपण काय खाल्ले हे सांगताना माणसे बहुधा कमी सांगतात, हे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील संशोधनात वारंवार दिसून आले. चहाबरोबरची दोन बिस्किटे, मुलाच्या ताटात उरलेला घास, फोडणीतले जास्तीचे तेल यांची नोंद होत नाही. शिवाय उष्मांकांचे आकडे सरासरीचे असतात. एकाच पोळीचे दोन माणसांच्या शरीरात नेमके सारखेच होईल असे नाही. हिशेब बिनचूक दिसतो, म्हणून तो पुरा असतोच असे नव्हे. सांतोरिओ यांची वजनेही त्यांना बिनचूकच वाटत होती आणि तरी हवेचा रकाना मोकळाच होता.

बर्लिनमधील संशोधकांनी अलीकडच्या काळात ही खुर्ची जुन्या वर्णनावरून पुन्हा घडवून पाहिली. बारीकसारीक फरक टिपण्याइतका सूक्ष्म काटा तयार करणे आणि तो नीट चालवणे हे काम चित्रात दिसते तितके सोपे नव्हते, हे अशा प्रयत्नांतून समजते. त्या काळच्या सुतार-लोहारांकडून असे साधन घडवून घेणे आणि रोज न कंटाळता त्याच्यावर बसणे, यासाठी लागणारी चिकाटी त्यामुळे अधिकच उठून दिसते.

सांतोरिओ यांनी सांगितलेले कारण चुकले, आकडेही बरेचसे मागे पडले. पण ताटात काय आहे यापलीकडे जाऊन त्याचे पुढे काय होते हे विचारावे, ते तोलून पाहावे आणि मेळ बसत नसेल तर न दिसणाऱ्या बाजूचा शोध घ्यावा, ही त्यांची शिकवण वैद्यकाने सोडली नाही. त्यांची वही आपल्यापर्यंत आली नाही. त्यांची खुर्ची चित्रातून आली. जेवता जेवता ती बोटभर खाली येते आणि जेवणाऱ्याला पुरे झाल्याचे कळते. आहाराच्या आजच्या साऱ्या मोजदादीकडूनही रोजच्या जेवणात माणसाला हवे असते ते बहुधा एवढेच.